चार वाजताचं बीपी

मी तोंडाची फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्या दिवशी माझी वाचा बसली होती याचा अर्थ तुम्हाला कळेल. वॉर्डात मला सगळे फटाकी म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे, पण इतक्या मोठ्याने की मला ऐकू जावं. बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली आहेत. दारुड्या पेशंटला दटावलंय, मोठ्या डॉक्टरांना उलट बोललेय, एकदा तर भेटायला आलेल्या पुढाऱ्याला बूट काढायला लावून बाहेर उभं केलंय. भीती म्हणजे काय ते मला त्या दुपारपर्यंत नीट माहीत नव्हतं.

आमचा पुरुषांचा सर्जरीचा वॉर्ड. खाटा चाळीस, पेशंट बावन्न. उरलेले बारा दोन खाटांच्या मधे गाद्यांवर. दुपारच्या पाळीला सिस्टर दोन, मी आणि धाकटी. धाकटी माझ्या नात्यातली नव्हे, नोकरीला लागून दीडच वर्ष झालंय म्हणून धाकटी. बीपीची मशिनं दोन, त्यातलं एक हवा धरत नाही, नुसतं फुसफुसतं. आणि डॉक्टर प्रत्येक चार्टावर लिहून जातात, दर तासाला बीपी, नाडी. त्या दिवशी असे एकोणीस पेशंट होते. एकाला चार मिनिटं धरली तरी एकोणिसावा होईपर्यंत पहिल्याची पुन्हा वेळ झालेली असते. मग सलाइन कोण बदलणार, ड्रेसिंग कोण करणार, इंजेक्शनं कोण देणार? वरून देव उतरणार आहे का?

म्हणून आम्ही एक करतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, कुणी वर्गात शिकवत नाही, पण सगळ्या वॉर्डांतल्या सगळ्या सिस्टरांना येतं. आम्ही पुढचं भरून ठेवतो. पाळी सुरू झाली की एकदा खरं बीपी घ्यायचं आणि त्याच्या अंदाजाने पुढच्या दोन-तीन तासांचे आकडे लिहून मोकळं व्हायचं. त्यातही हात बसावा लागतो बरं का. एकशेवीस-ऐंशी, एकशेवीस-ऐंशी असं ओळीने लिहिलं तर शेंबडं पोरही ओळखेल. म्हणून एकदा एकशेबावीस-ऐंशी, मग एकशेअठरा-शहात्तर, मग पुन्हा एकशेवीस. मधेच पेन बदलायचं. बहुतेकांना काही होत नाही. बावीस वर्षांत माझ्या हातून कुणाला काही झालं नव्हतं. निदान मला तरी कळलं नव्हतं.

चौदा नंबरवर एक गवंडी होता. वय पस्तिशीचं. सकाळी कामावर परांचीवरून खाली पडला होता, डाव्या बरगड्यांवर मार. सकाळच्या सोनोग्राफीत पोटात काही दिसलं नाही, म्हणून मोठे सर्जन म्हणाले, ऑपरेशन नको, पण लक्ष ठेवा. एक अँटिबायोटिक सोडलं तर त्याला औषध असं काही नव्हतंच. त्याच्यावरचा इलाज म्हणजे त्याच्याकडे बघत राहणं. असा मार लागला की कधीकधी आतला अवयव हळूहळू गळायला लागतो, बाहेर रक्ताचा थेंब दिसत नाही. आधी नाडी चढते, मग बीपी उतरतं. ते वेळेवर दिसलं तर माणूस वाचतो, नाही दिसलं तर जातो. इतकं साधं आहे ते.

दीड वाजता मी त्याचं बीपी खरंच घेतलं होतं. एकशेवीस-ऐंशी, नाडी ब्याऐंशी. वर तो म्हणाला, "सिस्टर, मला सोडून द्या ना. भिंत अर्धीच झालीय."

"भिंत काय पळून जात नाही. पड गप्प."

तो हसला. मी टेबलाशी आले आणि त्याचं दोनचं, तीनचं, चारचं बीपी एका दमात लिहून टाकलं.

तीनच्या सुमाराला त्याची बायको माझ्याकडे आली. मी एकाचं घाणेरडं ड्रेसिंग सोडवत होते, नाकाला रुमाल बांधून. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि चाचरत म्हणाली, "सिस्टर, त्यांचा डावा खांदा दुखतोय."

"अहो बाई, माणूस एवढ्या उंचावरून पडला. खांदा दुखणार नाही तर काय गुदगुल्या होणार?"

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. ती ओशाळून परत गेली. माझ्या बोलण्यावर वॉर्ड हसला की मला बरं वाटतं, हेही कबूल करते.

साडेतीनला आमच्या इन्चार्ज बाई कागद घेऊन आल्या. कुठल्याशा कॉलेजची मंडळी सरकारी दवाखान्यांतल्या सिस्टरांचा अभ्यास करतायत म्हणे, नोकरीत समाधान किती आहे याचा. पंचवीस प्रश्न, प्रत्येकापुढे चार चौकोन. पूर्ण समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी.

"पाचच्या आत हवेत," बाई म्हणाल्या. "सगळीकडे दुसऱ्या चौकोनात खूण करा. पहिल्यात केलीत तर खोटं वाटतं आणि शेवटच्यात केलीत तर वर बोलावून कारणं विचारत बसतात."

"म्हणजे आमचं बीपी एकशेवीस-ऐंशी," मी म्हटलं.

बाईंना हसू आवरेना. आम्ही दोघी खूप हसलो.

धाकटी इंजेक्शनांच्या फेरीला निघाली होती. मी टेबलाशी बसून चौकोन भरायला लागले. पगार, समाधानी. सुट्ट्या, समाधानी. वरिष्ठांची वागणूक, समाधानी, आणि वरिष्ठ समोरच बसलेल्या. सोळाव्या प्रश्नाशी मात्र पेन अडलं. 'तुमच्या कामामुळे रुग्णाला बरं वाटतं असं तुम्हाला वाटतं का?' आता ह्याला काय म्हणू? सुरुवातीच्या वर्षांत मी घरी जाऊन नवऱ्याला एकेका पेशंटची कहाणी सांगायची, तो जेवता जेवता पेंगायचा तरी सांगायची. हल्ली विचारलं तरी मला आठवत नाही आज वॉर्डात कोण होतं. घरी सासूबाईंचं बीपी मी रोज संध्याकाळी घेते आणि वहीत लिहिते. एक दिवस उशीर झाला तर त्या गाल फुगवून बसतात. ती वही मी कधी पुढची भरून ठेवली नाही. म्हणजे काम मला येत नाही असं नाही, आवडत नाही असंही नाही. पण बावन्न सासूबाई कोण सांभाळणार?

मी दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि मान वर केली तर गवंड्याची बायको समोर उभी. या वेळी चाचरली नाही.

"सिस्टर, ते नीट बोलत नाहीयेत. अंग गार लागतंय."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी चांगलं मशीन उचललं आणि गेले. धावले नाही, सिस्टर धावली की सगळा वॉर्ड उठून बसतो. पण त्याला बघितलं आणि मशीनचा पट्टा चालता चालताच सोडवला. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, ओठ कोरडे. मी पट्टा बांधला, फुगा दाबला, कानात नळ्या. काहीच ऐकू येईना. पुन्हा दाबला. सत्तर. वरचा आकडा सत्तर. नाडी बोटाखाली दोऱ्यासारखी, एकशेचाळीसच्या पुढे. मी धाकटीला हाक मारली, ती डॉक्टरांना फोन करायला पळाली. मी त्याच्या खाटेचा पायथा वर केला, सलाइन पूर्ण सोडलं. हात आपोआप कामं करत होते. डोक्यात मात्र एकच गोष्ट गरगरत होती, खाटेला लटकवलेला तो चार्ट.

छोटे डॉक्टर धापा टाकत आले. बिचाऱ्याला तीन दिवस धड झोप नव्हती. त्यांनी पेशंटच्या आधी चार्ट उचलला. डॉक्टर तेच करतात, त्यासाठीच तर चार्ट असतो.

"चारला एकशेअठरा-शहात्तर. नाडी चौऱ्याऐंशी. कुणी घेतलं?"

"मी," मी म्हटलं.

ते 'मी' इतक्या सवयीने तोंडातून गेलं की मला थांबवताच आलं नाही.

"म्हणजे दहा मिनिटांत एकशेअठरावरून सत्तर?" डॉक्टर स्वतःशीच बोलत होते. "मधे काय दिलं याला?"

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. "अँटिबायोटिक डॉक्टर. चारला पाच कमी असताना. शिरेतून."

"टेस्ट डोस केला होता?"

"केला होता, शपथ! काही आलं नव्हतं."

"मग रिअ‍ॅक्शनच आहे ही. अ‍ॅड्रिनलिन काढा, पटकन."

धाकटीला ती काचेची कुपी फोडता येईना. मी फोडली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि एका हाताने फोन कानाला लावून मोठ्या सर्जनना सांगायला लागले. मोठे सर्जन वर थिएटरमध्ये होते. त्या दिवशी एकच टेबल चालू होतं आणि त्यावर दुसऱ्या पेशंटला भूल द्यायची तयारी झालेली. फोनमधून त्यांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, त्यांचा आवाजच तसा आहे.

"दोनपासूनचे आकडे वाच."

डॉक्टरांनी वाचले. माझे आकडे. एकशेबावीस, एकशेवीस, एकशेअठरा. नाडी ऐंशी, ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी. इतके छान, इतके खऱ्यासारखे. बावीस वर्षांचा हात होता तो.

"मग पोट नाही हे," फोनमधला आवाज म्हणाला. "पोटात गळत असतं तर नाडी दोनपासून चढत गेली असती. इंजेक्शनचंच आहे. तू ते सांभाळ. मी हा पेशंट घेतो, दोन तासांनी खाली येऊन बघतो."

दोन तास.

मला माहीत होतं. त्या वॉर्डात मला एकटीलाच माहीत होतं की तो माणूस दहा मिनिटांत कोसळला नव्हता. दुपारभर तो हळूहळू उतरत आला होता आणि त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. दोन तासांनी मोठे सर्जन खाली येतील तेव्हा त्यांना चादर ओढलेला माणूस दिसेल. आणि कागदावर सगळं बरोबर असेल. रिअ‍ॅक्शन, कुणाच्या हातात नसलेली गोष्ट. फार तर धाकटीला चार दिवस बोलणी बसतील. मला कुणी काही विचारणारही नाही.

खोटं कशाला बोलू, गप्प बसावं असं मला वाटलं. नुसतं वाटलं नाही, सगळ्या अंगाने वाटलं. तोंड उघडलं तर काय काय होईल ते एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. निलंबन, चौकशी, पोलीस. वॉर्डाच्या दाराशी गवंड्याचे तीन भाऊ सकाळपासून बसले होते, तिघंही गवंडी, हात केवढे. गेल्याच वर्षी शेजारच्या वॉर्डात नातेवाइकांनी एका सिस्टरला भिंतीवर ढकललं होतं. तिला अजून एका कानाने ऐकू येत नाही. आणि ह्याची बायको तर माझ्या कोपराशी उभी. जे बोलायचं ते तिच्यासमोर बोलायला लागणार होतं. माझी, ह्या फटाकीची, जीभ टाळ्याला चिकटली होती.

"सर, ओके सर," डॉक्टर म्हणत होते. आता फोन ठेवणार.

तेवढ्यात गवंड्याने डोळे न उघडता उजवा हात उचलला आणि डाव्या खांद्यावर ठेवला. ट्रेनिंगला असताना आमच्या ट्यूटर बाईंनी आम्हाला घोकायला लावलं होतं. पडलेल्या माणसाला डाव्या बरगड्यांखाली मार असेल आणि डावा खांदा दुखत असेल, तर खांदा बघू नका, पोट बघा. मला हे येत होतं. तीन वाजताही येत होतं.

"फोन ठेवू नका," मी म्हटलं.

आवाज माझा वाटेना. डॉक्टरांनी वळून बघितलं.

"चारचं बीपी मी घेतलेलं नाही. तीनचं नाही, दोनचंही नाही. दीड वाजताच लिहून ठेवले होते ते आकडे. दीडनंतर ह्याचं बीपी कुणी घेतलेलंच नाही. आणि तीनला ह्याचा डावा खांदा दुखत होता, बायको सांगायला आली होती, मी तिला हाकलली."

छोटे डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फोनमध्ये सांगितलं, "सर, दोन ते चारचे आकडे धरू नका. ते घेतलेलेच नाहीत. डावा खांदा तीनपासून दुखतोय."

मग तो आवाज म्हणाला, "वर आण. आत्ताच्या आत्ता. मी टेबल रिकामं करतो."

पुढची दहा मिनिटं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. ट्रॉलीचं एक चाक अडत होतं, ते मी लाथेने सरळ केलं. धाकटी रक्तपेढीकडे पळाली. दाराशी बसलेले भाऊ धडपडत उठले आणि "काय झालं, काय झालं" करत मागे आले. लिफ्टमध्ये मी, डॉक्टर, ट्रॉली आणि बायको. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. थिएटरचं दार उघडलं, हिरव्या कपड्यातल्या दोघांनी ट्रॉली आत ओढली आणि दार लागलं.

खाली आले तर इन्चार्ज बाई जिन्यातच उभ्या होत्या. मला कोपऱ्यात घेतलं आणि दबक्या आवाजात बोलायला लागल्या.

"वेडबिड लागलं होतं का गं तुला? फोनवर? सगळ्यांसमोर?"

"बाई, तो मेला असता."

"ते झालं. आता पुढचं ऐक. ते एक मशीन हवा धरत नाही ना? त्याच्यावर घेतलं म्हण. आकडे चुकीचे आले म्हण. छोट्या डॉक्टरांशी मी बोलते. मशीन काही उलटून बोलायला येत नाही." माझा दंड त्यांनी धरला होता, आणि त्यांचाही हात गार होता. "तुझ्या एकटीसाठी नाही सांगत. उद्या सगळ्या वॉर्डांचे चार्ट काढले ना, तर एक सिस्टर उरायची नाही ह्या दवाखान्यात. मी सुद्धा नाही."

बाई खरंच सांगत होत्या. पुढचं कसं भरायचं ते मला पहिल्या वर्षी त्यांनीच दाखवलं होतं, दोन पेनं वापर म्हणून.

"मला खूप भीती वाटतेय बाई," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. बावीस वर्षांत वॉर्डात पहिल्यांदा. "पण मशीनवर ढकललं ना, तर उद्या दुपारी मी परत भरून ठेवीन. मी मला ओळखते."

त्यांनी दंड सोडला. तशाच जिना उतरून गेल्या.

माझं वॉर्डात लक्ष लागेना. धाकटीला म्हटलं, दहा मिनिटं बघ, आणि वर गेले. थिएटरबाहेरच्या बाकावर ती एकटीच बसली होती. भाऊ रक्त द्यायला गेले होते. मी दोन हात लांब उभी राहिले. बसायची हिंमत होईना.

"मी तीनला आले होते," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही गुदगुल्या म्हणालात."

"हो."

ती दाराकडे वळली. मग म्हणाली, "दिरांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते वाचले तर नाही सांगणार. आणि..."

त्या 'आणि'च्या पुढचं मलाही ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, "वाचले तरी सांगा. मी वॉर्डातच आहे आठ वाजेपर्यंत." शूरपणाबिरपणा काही नव्हता तो. घाबरून घाबरून मी अशा जागी आले होते की आणखी घाबरायला जागा उरली नव्हती.

सव्वासहाला छोटे डॉक्टर बाहेर आले. मास्क गळ्यात, डोळे लाल.

"डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फाटली होती. पोटात दोन लिटर रक्त. काढली. आता बीपी वर येतंय. रात्र जायला हवी, पण वाचेल असं सर म्हणतायत." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "सर म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर काही करता आलं नसतं. आणि उद्या दहा वाजता तुम्हाला बोलावलंय. लेखी घेऊन या म्हणाले."

बायको भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्याने रडली. मी तिला उठवायला हात पुढे केला. तिने तो धरला नाही. भिंतीचाच आधार घेऊन ती उठली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझ्या हाताला तिने हात लावावा असं मी काय केलं होतं?

वॉर्डात आले तेव्हा धाकटी टेबलाशी चार्टांचा ढीग पुढ्यात घेऊन बसली होती. मला बघितल्यावर तिचे डोळे भरून आले.

"सिस्टर, सात नंबरचं मी आठपर्यंत भरलंय. वीसचं आणि पंचविसाचंही."

"खोड," मी म्हटलं. "आडवी रेघ मार. खाली सही कर."

"पण मग उद्या..."

"उद्याचं उद्या. ह्यातला आणखी कुणी आत्ता गळत असेल तर?"

हे तिला म्हटलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. इतका वेळ मी चौदा नंबरची भीती बाळगून होते. बाकीचे अठरा मला आठवलेच नव्हते. आम्ही दोघींनी रेघा मारायला सुरुवात केली. माझ्या अक्षरावर माझीच रेघ, एकेका चार्टावर तीन-तीन, चार-चार. समाधानाचा कागद शेजारीच पडला होता, नऊ प्रश्न राहिलेले. तो न्यायला कुणी आलं नाही आणि मीही तो पुरा केला नाही.

मग मी मशीन घेतलं आणि एक नंबरपासून निघाले. एक ठीक होता, दोन ठीक होता. तीन नंबरवर एक आजोबा होते, हर्नियाचं ऑपरेशन झालेले, छातीत कफ झाल्यामुळे रखडलेले. अकरा दिवस होते आमच्याकडे. कधी तक्रार नाही, कधी हाक नाही. असला पेशंट सिस्टरांना फार आवडतो. मी खाटेच्या कडेला बसले आणि पट्टा काढला.

आजोबांनी हात मागे घेतला.

"काय झालं मला?"

"काही नाही आजोबा. बीपी बघायचंय."

"आज का?" त्यांचे डोळे मोठे झाले होते. "दुपारी त्या चौदावाल्याला असाच पट्टा बांधलात आणि लगेच घेऊन गेलात. मला खरं सांगा बाई, डॉक्टर काही बोलले का? मुलाला बोलावून घेऊ का मी?"

"नाही हो. अहो, हे रोजच बघायचं असतं."

"रोज?" आजोबा उठून बसायला लागले. "मी अकरा दिवस इथे आहे. पहिल्या दिवशी बांधला होतात, ऑपरेशनच्या दिवशी बांधला होतात. बास. मला काय दिवस कळत नाहीत?"

मी खाटेला लटकवलेला चार्ट बघितला. अकरा दिवसांचे आकडे भरलेले होते, रोजचे चार-चार. एक खाना रिकामा नव्हता. निम्मे माझ्या अक्षरात, निम्मे दुसऱ्या पाळ्यांच्या. आजोबांनीही माझ्या नजरेमागून तिकडे बघितलं. त्यांना वाचता येत होतं की नाही कोण जाणे.

"मग रोज येऊन त्या कागदावर तुम्ही काय लिहायचात?" त्यांनी विचारलं.

ते भांडत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"हात द्या आजोबा," मी म्हटलं.

त्यांनी हात दिला. मी पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या आणि फुगा दाबला. पहिल्यांदा आकडा नीट लागला नाही. मी सगळी हवा सोडली, थोडं थांबले आणि पुन्हा बघितलं.